घरच्या रेकॉर्डिंगसाठी ॲनालॉग मिक्सर : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या मागच्या खोलीत माझं रेकॉर्डिंग चालतं आणि त्याच खोलीतल्या दुसऱ्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा मिक्सर उघडून पडलेला असतो. भजनी मंडळातले पेटीवाले, कॉलेज रोडची बँडवाली पोरं, मंडपवाले, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न विचारतात. त्यांचीच उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कॉम्प्युटर असताना मिक्सर हवाच कशाला?

एकटे गाता किंवा एकच गिटार वाजवता? मग नको. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या आणि उरलेल्या पैशात बरा माइक घ्या. पेटी, तबला, टाळ आणि दोन गळे एकत्र बसून वाजवणार असाल तर मात्र मिक्सरला तोड नाही. प्रत्येकाला हेडफोनमध्ये आपला आवाज लगेच, जराही उशीर न होता ऐकू येतो आणि एखादा वाढला तर हात थेट फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीवर जातो.

‘ॲनालॉगचा गोडवा’ म्हणून घेणार असाल तर आधीच सांगतो, छोटे मिक्सर गोडवा आणण्यासाठी बनवलेलेच नसतात. आवाज जसा आला तसा पुढे जावा हीच त्यांच्या डिझाइनची धडपड असते.

२. मिक्सर आणि इंटरफेस, दोन्ही लागतात का?

मिक्सर अनेक आवाज एकत्र करतो. इंटरफेस विजेच्या सिग्नलचे आकडे करून कॉम्प्युटरला देतो. यूएसबी असलेल्या मिक्सरमध्ये एक छोटा इंटरफेस आतच बसवलेला असतो. तो पुरेल की नाही, ते पुढच्या उत्तरात.

३. माझा मिक्सर बारा चॅनलचा आहे, यूएसबीपण आहे. मग कॉम्प्युटरवर दोनच ट्रॅक का दिसतात?

कारण बहुतेक यूएसबी मिक्सर फक्त शेवटचं स्टीरिओ मिश्रण पाठवतात. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या. चॅनल दहा, पण यूएसबीवर दोन आत आणि दोन बाहेर. साउंडक्राफ्टच्या सिग्नेचर १२ एमटीकेसारखा मिक्सर चौदा वेगळे ट्रॅक कॉम्प्युटरला देतो. टॅस्कमचे मॉडेल १२ आणि मॉडेल २४ एसडी कार्डावरही वेगवेगळे ट्रॅक भरतात. खोक्यावरचा चॅनलचा आकडा आणि यूएसबीचा आकडा वेगळा असतो, दुकानात दुसरा विचारा.

असलेल्या मिक्सरवर दोन ट्रॅक वेगळे काढायचे तर गाणाऱ्याचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारा नॉब) पूर्ण डावीकडे आणि पेटीचा पूर्ण उजवीकडे करा. स्टीरिओ फाइलच्या दोन बाजू म्हणजे तुमचे दोन वेगळे ट्रॅक. त्याहून जास्त हवे असतील तर प्रश्न ९ बघा.

४. नवा ट्रॅक रेकॉर्ड करताना जुनाही त्यात परत येतो. सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे का?

सॉफ्टवेअर निर्दोष आहे. कॉम्प्युटरमधला जुना ट्रॅक यूएसबीने मिक्सरच्या मेनमध्ये, म्हणजे शेवटच्या मिश्रणात येतो, आणि मेनच पुन्हा यूएसबीने कॉम्प्युटरकडे जातो. विहिरीतलं पाणी विहिरीतच. यूएसबीचं येणं फक्त हेडफोनकडे वळवणारं बटण मिक्सरवर असेल तर ते दाबा. नसेल तर रेकॉर्डिंगसाठी मेन वापरू नका. ऑक्समधून (चॅनलचा आवाज हवा तेवढा वेगळा बाहेर देणारी वाट) किंवा इन्सर्टमधून (चॅनलच्या मधेच सिग्नल बाहेर काढून परत आत घेणारा जॅक, प्रश्न ९) सिग्नल काढून वेगळ्या इंटरफेसला द्या.

५. मंडपवाल्याकडून जुना मिक्सर मिळतोय. बघायला जाताना काय न्यावं?

आपला चालू माइक, आपली केबल, हेडफोन आणि मल्टिमीटर. त्यांची केबल घेऊ नका, नाहीतर दोष केबलचा की मिक्सरचा यावर तासभर जाईल.

एकच माइक घेऊन प्रत्येक चॅनलवर फिरा. गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब), तिन्ही इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारे नॉब), ऑक्स, पॅन, फेडर, सगळं टोकापासून टोकापर्यंत हलवा. खरखर ऐकून घाबरू नका, ती बहुधा जाते. फॅन्टम (माइकच्या केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) चालू करून कॅननच्या, म्हणजे तीन पिनांच्या माइक सॉकेटच्या, पिन १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये व्होल्टेज मोजा. ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान असलं पाहिजे. मग मिक्सर अर्धा तास चालू ठेवून चहा घ्या. गरम झाल्यावर जो बिघाड उघड होतो, तो पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही.

अडॅप्टर मूळचाच आहे का, हे जरूर बघा. काही छोट्या मिक्सरचा अडॅप्टर डीसी नसून एसी असतो, तोही तीन-चार पिनांचा. ‘व्होल्ट जुळतात ना’ म्हणून दुसरा लावून जळालेले मिक्सर माझ्या टेबलावर येऊन गेलेत.

घासाघीस करायची तर गणपती-नवरात्र उरकल्यावर जा. मोसमाच्या तोंडावर कुणी मिक्सर सोडत नाही.

६. फेडर खरखरतो. डब्ल्यूडी-४० मारू का?

नको. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसून चिखल होतो.

आधी वीज काढा. फेडरच्या टोप्या ओढून काढा आणि क्रमाने कागदावर मांडून ठेवा, रंग वेगवेगळे असतात. फटीत मऊ ब्रश फिरवून धूळ वर आणा आणि ती ब्लोअरने उडवून टाका. आधीच स्प्रे मारला तर ती धूळ ओली होऊन पट्टीला चिकटते. मग फेडरसाठीच मिळणारा वंगणयुक्त क्लीनर, दोन्ही टोकांना अगदी थेंबभर. फेडर खालीवर वीस-तीस वेळा न्या. साध्या कॉन्टॅक्ट क्लीनरने आतलं मूळ वंगण धुऊन जातं आणि फेडर कोरडा, अडखळत चालतो. माझ्या पहिल्या मिक्सरचे चार फेडर मी असेच वाया घालवले होते.

यानंतरही एकाच जागी आवाज तुटत असेल तर कार्बनची पट्टी झिजलेली आहे, फेडर बदलावा लागेल. जुना काढून सोबत न्या. लांबी ६० मिलिमीटर की १००, पिनांची मांडणी कशी आणि व्हॅल्यू किती, तिन्ही जुळायला हवं. १० के असं लिहिलेलं असेल तर शेजारचं ए किंवा बी हे अक्षरही वाचा, फेडर सरकवताना आवाज कसा वाढतो ते त्यावरून कळतं.

आता फसवणारी खरखर. फेडर स्वच्छ आहे, नवा टाकला, तरी हलवला की खर्र होतं आणि थांबला की शांत. अशा वेळी फेडरवर मल्टिमीटर लावा. तिथे डीसी व्होल्टेज दिसलं तर दोष त्याच्या आधीच्या कपलिंग कॅपॅसिटरचा (डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा भाग) आहे, तो गळतोय. दोन-चार रुपयांचा कॅपॅसिटर, आणि लोक फेडरचा अख्खा संच बदलून मोकळे होतात.

७. एक चॅनल मधेच गायब होतो, थाप मारली की परत येतो. काय झालं असेल?

थाप मारणं थांबवा आणि मागचा इन्सर्ट जॅक बघा. त्याच्या आत एक पत्ती असते. पिन घातलेली नसते तेव्हा सिग्नल त्या पत्तीवरून पुढे जातो. वर्षानुवर्षं तिथे कुणी पिन घालत नाही, आपल्या पावसाळ्यात पत्ती काळी पडते आणि चॅनल अर्धमेला होतो.

खात्री करायची असेल तर एका स्टीरिओ पी-३८ पिनची (पाव इंची जॅक पिन) टिप आणि रिंग, म्हणजे टोक आणि त्यामागचं कडं, आतून जोडा आणि ती इन्सर्टमध्ये घाला. आवाज ठणठणीत आला तर गुन्हेगार सापडला. मग जॅकमध्ये थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. इथे साधा क्लीनर चालतो, फेडरचा नियम जॅकला लागू नाही. दुरुस्तीला आलेल्या ‘मेलेल्या’ चॅनलांपैकी कितीतरी मी सोल्डरिंग आयर्न न तापवता परत पाठवलेत.

८. ऑप-ॲम्प चिप बदलल्या तर आवाज सुधारतो म्हणतात. ४५५८ काढून ५५३२ टाकू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं उत्तर कुणालाच आवडत नाही.

४५५८, टीएल०७२ आणि एनई५५३२ या सिग्नल वाढवणाऱ्या तिन्ही चिपांत दोन-दोन ॲम्प्लिफायर आणि आठ पिना, मांडणीही तीच. म्हणून बदलणं सोपं वाटतं. डेटाशीटमध्ये टीएल०७२ चा नॉइज (चिपची स्वतःची सुरसुर) १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ आणि ५५३२ चा ५, त्यामुळे हात शिवशिवतात. पण ५५३२ ला वीजही जास्त लागते, साधारण ८ मिलिॲम्पियर. टीएल०७२ जेमतेम ३ घेते. तीस चिप बदलल्या की दोन्ही बाजूंच्या सप्लायवर १५० मिलिॲम्पियरचा नवा बोजा, आणि आधीच तापणारा ७८१५ रेग्युलेटर (सप्लायचे १५ व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग) हात लावू देत नाही.

दुसरी भानगड अशी की ५५३२ च्या इनपुटमधून थोडा करंट वाहतो. टीएल०७२ चं इनपुट जवळपास काहीच ओढत नाही. त्यामुळे जिथे पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) मधे कॅपॅसिटर न ठेवता थेट चिपला जोडलेला आहे तिथे काल गुळगुळीत चालणारा इक्यू आज खरखरू लागतो. शिवाय चिपच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर नसले तर ती कानाला न ऐकू येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होते, म्हणजे आपणहूनच वाजू लागते. आवाज मात्र धुरकट होतो आणि चिप तापते.

मग बदलायचीच नाही का? एका जागी बदला, जिथे सगळे चॅनल एकत्र होतात त्या समिंग ॲम्पमध्ये. सोळा चॅनल एकत्र करणारा साधा समिंग ॲम्प स्वतःचा नॉइज सुमारे १७ पट, म्हणजे २४.६ डेसिबलने वाढवून पुढे देतो. तिथे कमी नॉइजची चिप खरंच कामाला येते. मी माझ्या सोळा चॅनलवाल्यात हौसेने सगळ्या बदलल्या होत्या. सप्लायची हालत बघून दोन दिवसांनी मास्टरच्या चार ठेवल्या आणि बाकीच्या काढल्या. कानाला जो फरक पडला तो त्या चारांनी पडला. माइक प्रीॲम्पचं म्हणाल तर अनेक मिक्सरमध्ये पहिला टप्पा सुट्या ट्रान्झिस्टरचा असतो. त्याच्या मागची चिप बदलून माइकची सुरसुर कमी होत नाही.

चिप सॉकेटमध्ये नसून बोर्डावरच बारीक चिकटवलेली असेल तर हा विषय सोडून द्या.

९. प्रत्येक चॅनल वेगळा रेकॉर्ड करायचा आहे. मिक्सरमधून सिग्नल बाहेर कसा काढू?

माझ्या मते घरच्या रेकॉर्डिंगसाठी जुन्या मिक्सरची खरी सुधारणा हीच. डायरेक्ट आउट, म्हणजे चॅनलचा स्वतःचा सुटा आउटपुट, असेल तर प्रश्नच मिटला. फक्त तो फेडरच्या आधीचा की नंतरचा, हे मॅन्युअलमध्ये बघा.

नसेल तर इन्सर्ट. प्रश्न ७ मधली टिप-रिंग जोडलेली पिन इथेही तीच. जोडलेल्या जागेवरून एक तार, शील्डवरून दुसरी आणि दुसऱ्या टोकाला साधी मोनो पी-३८, ती इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये. सिग्नल बाहेरही जातो आणि मिक्सरमध्येही पुढे वाहतो, त्यामुळे हेडफोनचं मिश्रण तसंच राहतं. काही मिक्सरमध्ये मोनो पिन पहिल्या ‘टक’पर्यंतच घातली तरी काम होतं, पण कुणाचा पाय लागला की ट्रॅक गेला. आठ पिना सोल्डर करायला एक दुपार लागते, ती द्या.

बहुतेक मिक्सरमध्ये इन्सर्ट गेननंतर आणि इक्यूच्या आधी असतो. म्हणजे कॉम्प्युटरला कोरा आवाज जातो, इक्यू कितीही फिरवा. सिग्नल अनबॅलन्स्ड (एक तार आणि शील्ड एवढ्यावरच जाणारा, बाहेरची सुरसुर लवकर पकडणारा) असतो, तेव्हा केबल दोन-तीन मीटरच्या आत ठेवा.

१०. गेन नक्की किती ठेवायचा?

फेडर शून्याच्या खुणेवर, मास्टरही तिथेच. मग पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर आणि हेडफोनमध्ये देणारं बटण) दाबा, गाणाऱ्याला वरच्या पट्टीतली ओळ जोरात म्हणायला लावा आणि मीटर शून्याच्या आसपास खेळेल इतकाच गेन द्या. व्यावसायिक मिक्सरचं शून्य म्हणजे +४ डीबीयू, १.२३ व्होल्ट. कॉम्प्युटरवर तेव्हा साधारण −१८ दिसलं तरी पुरे. तिथे शून्याला टेकवायचा हट्ट नको, २४ बिटमध्ये जागा भरपूर आहे.

आणि वापरात नसलेले चॅनल म्यूट करा. फुकटात सुरसुर कमी होते, चिप बदलण्याआधी हे करून बघा.

११. घुंऽऽ असा आवाज येतो. अर्थिंगची पिन कापू का?

पिन कापू नका. इथे जिवाशी खेळ आहे.

आधी आवाज ओळखा. खोल, गोल घुं म्हणजे ५० हर्ट्झ, तो बाहेरून केबलमधून किंवा अर्थच्या फेऱ्यातून (दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेली की होणारा) येतो. त्याहून एक सप्तक वरचा, जरा कर्कश असेल तर १०० हर्ट्झ, आणि संशय मिक्सरच्या सप्लायमधल्या म्हाताऱ्या कॅपॅसिटरवर, प्रश्न १२. मग लॅपटॉपचा चार्जर काढा. घुं थांबला तर गुन्हा चार्जरच्या वाटेने होतोय. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर टाका. एकही केबल न लावता घुं असेल तर दोष मिक्सरच्या आत आहे. नसेल तर एकेक केबल लावत जा.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात पेटी रेकॉर्ड करायला गेलो होतो. गाणाऱ्या काकांच्या ओठाला माइकचा चटका बसत होता. भिंतीवर तीन पिनांचा सॉकेट होता, पण उघडून बघितलं तर अर्थच्या भोकामागे तारच नाही. नुसती शोभा. अर्थ नसला की चार्जरच्या फिल्टर कॅपॅसिटरमधून यंत्रांच्या धातूच्या अंगावर निम्म्या मेन्सइतकं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, पण ओठाला कळतोच. त्या दिवशी रेकॉर्डिंग गुंडाळलं, वायरमनने अर्थिंगचा खड्डा करून तार आणली आणि पुढच्या आठवड्यात घुं आणि चटका दोन्ही गेले. मी मिक्सरला हातही लावला नव्हता.

सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घ्या. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, त्याची किरकिर कोणत्याही केबलने जात नाही.

१२. वीस वर्षं जुना मिक्सर आहे. सगळे कॅपॅसिटर बदलावेत का?

सप्लायचे आधी. ते सर्वात जास्त तापतात, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज मूळचं किंवा थोडं वरचं, उंची झाकणात मावेल अशी. काढण्याआधी बोर्डाचा फोटो काढा, उलटा लागलेला कॅपॅसिटर फुटतो. चॅनलवरचे दोषी ठरल्याशिवाय बदलू नका. शेकडो सांधे तापवताना बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली गेली की नवं दुखणं.

एसएमपीएस (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा सप्लाय) असलेला मिक्सर शिकल्याशिवाय उघडू नका. त्यात ३२५ व्होल्ट डीसी प्लग काढल्यावरही काही काळ टिकून असतो.

१३. आमच्या पथकाचा नाशिक ढोल घरीच रेकॉर्ड करता येईल का?

खोलीत नाही. ढोल खोलीला वाजवतो आणि माइक खोलीला रेकॉर्ड करतो. सरावाच्या मैदानावर जा.

डायनॅमिक माइक घ्या. मिक्सरवर पॅड (आत येणारा सिग्नल कमी करणारं बटण) असेल तर दाबा, नसेल तर २० डेसिबलचा कॅननमध्ये बसणारा सुटा पॅड मिळतो. ढोलाच्या टिपरूच्या बाजूला एक आणि थापेच्या बाजूला एक माइक, वीतभर नव्हे तर हातभर लांब. ताशाला स्वतंत्र चॅनल आणि गेन आणखी कमी. ताशाचा ठोका इतका क्षणिक असतो की छोट्या मिक्सरचा लाल दिवा लागायच्या आत आवाज फाटून गेलेला असतो. दिव्यावर विसंबू नका, पहिला मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. चार-पाच पावलं मागे, उंचावर आणखी एक माइक ठेवलात तर अख्ख्या पथकाचा श्वास त्यात येतो. मला अंतिम मिश्रणात तोच सर्वात जास्त लागतो.

१४. फॅन्टम चालू असताना साधा माइक लावला तर जळतो का?

बॅलन्स्ड केबलवरचा डायनॅमिक माइक जळत नाही. जुने रिबन माइक आणि घरी जोडलेली अनबॅलन्स्ड केबल यांच्यापासून फॅन्टम दूर ठेवा. चालू-बंद करताना फेडर खाली.

१५. देवळालीच्या तोफा आणि ओझरची विमानं रेकॉर्डिंगमध्ये येतात. लो-कट लावून जाईल का?

देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आणि ओझरला एचएएलचा विमान कारखाना, त्यामुळे हा प्रश्न खास आपला. तोफेचा धप्प आवाज बराचसा ८० हर्ट्झच्या खाली असतो. गळ्याच्या आणि टाळांच्या चॅनलवर लो-कट (खालचे जाड आवाज कापणारं बटण) दाबा, तो बहुधा ८० ते १०० हर्ट्झचा असतो, आणि धप्प बऱ्यापैकी जातो. डग्ग्यावर दाबलात तर डग्गाही जाईल. विमानाचा आवाज मात्र सगळ्या पट्ट्यांत पसरलेला, त्याला लो-कट काही करत नाही. तो टेक परत घ्या.

१६. मिक्स मिक्सरवरच करावं की कॉम्प्युटरवर?

मिक्सरवर करायला मजा येते, पण तो काही लक्षात ठेवत नाही. ग्राहक आठ दिवसांनी ‘पेटी जरा वर घ्या’ म्हणाला की सगळे नॉब पुन्हा लावायचे. मी रेकॉर्डिंग मिक्सरवर आणि मिक्स कॉम्प्युटरवर करतो. मिक्सरवर करणारच असाल तर उठण्याआधी मोबाइलने वरून सरळ फोटो काढा.

१७. सुटे भाग नाशकात मिळतात का?

पी-३८, कॅनन, केबल, नेहमीचे कॅपॅसिटर आणि ५५३२ इथेच मिळून जातात. विशिष्ट लांबीचा फेडर किंवा दुहेरी पॉट हवा असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, संध्याकाळी परत. जुना भाग खिशात असू द्या. फोनवर वर्णन करून मागवलेले फेडर माझ्याकडे डबाभर पडून आहेत, कुणाला बसत असतील तर घेऊन जा.